कुलपापुढची रांग

विश्रामबागेत राहणाऱ्या माणसाच्या कानाला रेल्वेची सवय असते. सांगली आणि मिरज यांच्या मधले हे छोटे स्टेशन. पुणे-मिरज मार्ग कित्येक वर्षे एकेरी होता. त्यामुळे 'गाडी क्रॉसिंगला थांबलीय' हे वाक्य इकडच्या प्रत्येक प्रवाशाने शेकडो वेळा ऐकलेले आहे. समोर रूळ मोकळा दिसतो, इंजिन तयार असते, चालक जागेवर असतो, तरी गाडी उभीच. कारण समोरून येणारी गाडी अजून पोचायची असते.

एकेरी मार्गाचा नियम साधा आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. हा नियम पाळला जावा म्हणून पूर्वी टोकनाची पद्धत होती. टोकन म्हणजे धातूचा एक गोळा. तो कातडी पिशवीत घालून, पिशवीला वेताचे मोठे कडे लावून चालकाच्या हाती देत. दोन्ही स्टेशनांवरची टोकनयंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. एक गोळा बाहेर निघाला, की तो परत यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघतच नसे. गोळा हातात नाही, तर गाडी पुढे न्यायची नाही. ही पद्धत गाड्यांचा खोळंबा करते, पण समोरासमोरची टक्कर टाळते.

अशीच एक खोळंबलेली गाडी मला काही वर्षांपूर्वी संगणकात भेटली. तिची हकिगत सांगतो, कारण तिच्यात शिकवण्याजोगे बरेच काही आहे.

पुराचा नकाशा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहराच्या मोठ्या भागात शिरले. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत प्रत्येक घरात एकच प्रश्न होता : पाणी आपल्या गल्लीत येणार का, आणि कधी? या प्रश्नाचे उत्तर गणिताने काढता येते. शहराचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची उंची घ्यायची, त्यातले पाणी शेजारच्या चौकोनात किती जाईल हे काढायचे आणि हे पुन्हा पुन्हा, काही सेकंदांच्या टप्प्याने करत राहायचे. हिशेब सोपा आहे, पण चौकोन लाखो आणि टप्पे हजारो.

एकच सोपे गणित लाखो ठिकाणी करायचे असेल, तर ग्राफिक्स कार्ड फार उपयोगी पडते. ते मुळात पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी काढण्यासाठी बनवलेले असते. त्याला ठिपका काय आणि पुराचा चौकोन काय, सारखेच. आमच्या गटाने असा कार्यक्रम लिहिला. शहराचे आठ भाग केले आणि संगणकाच्या आठ प्रोसेसरांना एकेक भाग वाटून दिला. प्रत्येकाने आपल्या भागाची माहिती कार्डाकडे पाठवायची, उत्तर घ्यायचे आणि नकाशा रंगवायचा.

एका प्रोसेसरने जेवढा वेळ लागत होता, त्याच्या निम्म्याहून कमी वेळ आठांना लागेल अशी आमची खात्री होती. प्रत्यक्षात वेळ जेमतेम कमी झाला. मी कार्डाला दोष दिला. मोठे कार्ड मिळावे म्हणून अर्जही लिहून ठेवला. तेव्हा आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, अर्ज थोडा थांबवा. कार्ड बहुतेक वेळ रिकामं बसलंय."

"अगं, मग वेळ जातोय कुठे?"

"रांगेत. आठांपैकी सात जण कायम एकाच दाराशी उभे असतात."

ते दार होते ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधले एक कुलूप.

ड्रायव्हर काय करतो?

ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीचा, कार्ड सांभाळणारा भाग. कोणत्याही कार्यक्रमाला कार्डाशी बोलायचे असले, तर ते ड्रायव्हरमार्फतच. त्याचे एक मोठे काम म्हणजे कार्डावरच्या मेमरीची व्यवस्था. ती किती मोठी आहे याचा अंदाज घेऊ.

१९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एका चित्रासाठी १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. कार्डावर ८ गिगाबाइट मेमरी असेल आणि ती ४ किलोबाइटांच्या पानांत वाटली, तर सुमारे २१ लाख पाने होतात. कोणते पान कोणाकडे आहे, याचा हिशेब ड्रायव्हरला सतत अचूक ठेवावा लागतो.

हे काम शाळेच्या ग्रंथालयासारखे आहे असे समजू. वाचनकक्षात एक मोठे टेबल आहे. त्यावर पुस्तके मांडली की वाचायला सोपी, पण जागा मोजकी. ही कार्डावरची मेमरी. मागे एक कोठी आहे. तिथे भरपूर पुस्तके मावतात, पण जाऊन आणायला वेळ लागतो. ही संगणकाची मुख्य मेमरी. काउंटरवर एक नोंदवही आहे. टेबलावरच्या कोणत्या जागी कोणाचे पुस्तक आहे, हे त्या वहीत लिहिलेले असते.

ग्रंथालयातल्या कारकुनाची कामे चार. टेबलावर रिकामी जागा शोधायची. पुस्तक तिथे ठेवून वहीत नोंद करायची. जागा संपली, तर सध्या कोणी वाचत नसलेले पुस्तक कोठीत पाठवायचे. आणि चौथे : कोणी वाचत असताना पुस्तक उचलायचे नाही, वाचून होईपर्यंत थांबायचे. ड्रायव्हर मेमरीच्या बाबतीत नेमकी हीच चार कामे करतो.

आता आठ कारकून आहेत आणि वही एकच आहे. इथून अडचण सुरू होते.

कुलूप काढून टाकले तर?

दोन कारकून एकाच क्षणी वही पाहतात. दोघांनाही ४० नंबरची जागा रिकामी दिसते. पहिला तिथे आपल्या पुस्तकाचे नाव लिहितो. दुसराही लिहितो, आणि पहिल्याची नोंद पुसली जाते. टेबलावर मात्र एकाच जागी दोन पुस्तके येतात. यातला कोणीही चुकलेला नाही. दोघांनीही नियमाप्रमाणे आधी पाहिले आणि मग लिहिले. चूक आहे ती पाहणे आणि लिहिणे यांच्या मधल्या फटीत.

ही फट बंद करायची, तर 'पाहणे व लिहिणे' हे एक अखंड काम धरावे लागते आणि ते चालू असताना दुसऱ्याला वहीला हात लावू द्यायचा नाही. संगणकात यासाठी जी युक्ती वापरतात तिला कुलूप म्हणतात. ज्याच्याकडे किल्ली तोच आत, बाकीचे रांगेत. नेदरलंड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात अशा साधनाची रीतसर मांडणी केली आणि त्याला 'सेमाफोर' हे नाव दिले. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल. म्हणजे एकेरी रुळाशी या विषयाचे नाते मी जोडलेले नाही, ते त्याच्या नावातच आहे.

आमच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर सर्वांना खुला होता. उतावीळपणाने आम्ही त्याच्या एका चाचणीच्या प्रतीतून ते कुलूप काढून पाहिले. कार्यक्रम झपाट्याने धावला आणि नकाशा तयार झाला. दिसायलाही ठीक होता. नंतर आकडे ताडून पाहिले, तेव्हा एका भागातल्या काही चौकोनांत दुसऱ्याच भागाची पाण्याची खोली आलेली दिसली. दोन नोंदी एकाच पानावर पडल्या होत्या. काही चौकोन कोरडे दाखवले होते; त्यांच्या खऱ्या उत्तरात कमरेएवढे पाणी होते.

त्या दिवशी मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला. उशिरा आलेला नकाशा निरुपयोगी असतो. चुकीचा नकाशा त्याहून वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून एखादे कुटुंब घरातच थांबेल. म्हणून कुलूप ठेवावेच लागते. प्रश्न एवढाच, की त्याच्यापुढची रांग कमी कशी करायची.

रांगेचे गणित

हे गणित नववी-दहावीच्या मुलांनाही जमेल. समजा, एका पुस्तकाच्या कामाला एकूण १० मिनिटे लागतात. त्यातली २ मिनिटे वही हातात लागते, बाकीची ८ मिनिटे लागत नाही. एक कारकून तासाला ६ कामे करतो. पाच कारकून ३० करतील. मग आठ कारकून ४८ करतील का?

नाही. प्रत्येक कामाला वहीची २ मिनिटे लागतात आणि तासात मिनिटे ६०. म्हणजे वही तासाला जास्तीत जास्त ३० कामांनाच पुरते. सहावा, सातवा, आठवा कारकून नेमला तरी कामे ३० च राहतात. वाढते ती फक्त रांग. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये अशाच प्रकारचा मुद्दा मांडला होता : कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो भाग एकूण वेगाची मर्यादा ठरवतो, मग हात कितीही वाढवा.

आता उलट करू. वहीचा वेळ २ मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आणला, तर वही तासाला १२० कामांना पुरेल. मग आठही कारकुनांना त्यांची ४८ कामे करता येतील. कोणताही कारकून पूर्वीपेक्षा भरभर चालला नाही, फक्त वही लवकर सुटली. मोठे कार्ड मागणारा माझा अर्ज का चुकीचा होता, ते यावरून लक्षात येईल. रूळ एकेरी असताना मी अधिक ताकदीचे इंजिन मागत होतो.

रांग कमी करण्याचे उपाय

पहिला उपाय सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत गुणकारी. वही हातात असताना फक्त नोंद करायची. कोठीत जायचे असेल, तर वही खाली ठेवून जायचे. आमच्या ड्रायव्हरमध्ये नेमके याच्या उलट होत होते. एखाद्या कार्यक्रमाला नवी मेमरी देण्याआधी ती शून्यांनी पुसून द्यावी लागते, नाहीतर आधीच्या कार्यक्रमाची माहिती नव्याला वाचता येईल. ही पुसापुशी कुलूप हातात धरूनच चालली होती. एक जण फडके मारतोय आणि सात जण वहीसाठी उभे आहेत, असा तो प्रकार.

मात्र वही सोडून कोठीत जाण्याआधी 'ही जागा घेतली आहे, पुस्तक येत आहे' अशी खूण करून जावे लागते. परत आल्यावर, मधल्या वेळात काही बदलले नाही ना, हेही पुन्हा पाहावे लागते. हे दुसऱ्यांदा पाहणे विसरले, की जुनीच फट पुन्हा उघडते.

दुसरा उपाय : वाचणारे आणि लिहिणारे वेगळे करणे. ज्यांना वही फक्त पाहायची आहे, असे दहा जण एकदम पाहू शकतात. लिहिणारा आला, की मात्र सगळ्यांनी बाजूला व्हायचे. जिथे पाहणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे, तिथे याचा चांगला उपयोग होतो. पण आत किती जण पाहत आहेत ही मोजणी ठेवावीच लागते, आणि ती मोजणी स्वतःच सगळ्यांची सामाईक नोंद बनते. आकडा एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे नेण्यातही थोडा वेळ जातो. त्यामुळे हा उपाय वाटतो तेवढा फुकट नसतो.

तिसरा उपाय : हाताशी थोडा साठा. प्रत्येक कारकुनाला एका वेळी दहा रिकाम्या जागा देऊन ठेवायच्या. मग तो दहा कामांत एकदाच मोठ्या वहीकडे येईल. तोटा असा, की एकाच्या साठ्यात जागा पडून राहतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत. म्हणून साठा बेताचा ठेवावा लागतो, आणि टंचाई आली की परत मागावा लागतो.

चौथा उपाय : वहीच फोडणे. सबंध टेबलाची एक वही ठेवण्याऐवजी प्रत्येक रांगेची वेगळी वही, किंवा प्रत्येक पुस्तकाचे वेगळे कार्ड. ज्यांची कामे वेगवेगळ्या पुस्तकांशी आहेत, त्यांनी एकमेकांसाठी थांबायचे कारणच उरत नाही. रेल्वेतही असेच करतात. दोन स्टेशनांच्या मधे एक क्रॉसिंगचे स्टेशन केले, की एका लांब तुकड्याचे दोन लहान तुकडे होतात आणि मार्गावर एका वेळी अधिक गाड्या मावतात.

लहान कुलपांचा तिढा

पण कुलपे वाढली, की नवे संकट येते. समजा, एका कारकुनाला गणिताचे आणि विज्ञानाचे अशी दोन्ही कार्डे एकदम हवी आहेत. त्याने गणिताचे घेतले. दुसऱ्यालाही दोन्ही हवी आहेत, पण त्याने आधी विज्ञानाचे घेतले. आता पहिला विज्ञानासाठी थांबला आहे, दुसरा गणितासाठी. हातातले कोणी सोडत नाही. असे दोघे शाळा सुटेपर्यंत उभे राहतील. एकच वही होती तेव्हा रांग होती, पण ती पुढे सरकत तरी होती. हा तिढा सरकतच नाही.

यावर एक उपाय म्हणजे सर्वांनी कार्डे ठरावीक क्रमानेच घ्यायची. आधी गणित, मग विज्ञान. हा नियम चांगला आहे, पण ग्राफिक्सच्या कामात तो पाळणे अवघड जाते. कोणत्या कार्यक्रमाला कोणते मेमरीचे तुकडे कोणत्या क्रमाने लागतील, हे ड्रायव्हरच्या हातात नसते. ती यादी कार्यक्रम देतो आणि ती दर वेळी वेगळी असते.

इथे एक सुंदर युक्ती कामाला आली, आणि ती आली विदागारांच्या अभ्यासातून. १९७८ मध्ये रोझेनक्रांट्झ, स्टर्न्स आणि लुइस या तिघांनी ती मांडली. प्रत्येकाला येताना क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. दोघांत अडवणूक झाली, तर ज्याची चिठ्ठी नंतरची त्याने हातातली सगळी कार्डे खाली ठेवायची, मागे व्हायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. मात्र पुन्हा येताना चिठ्ठी तीच जुनी. नवी चिठ्ठी घ्यायची नाही. ही अट महत्त्वाची आहे. त्याच्या आधीचे लोक आपापली कामे उरकून जातात, आणि आज धाकटा ठरलेला उद्या सर्वांत थोरला होतो. त्यामुळे कोणीच कायमचा मागे राहत नाही.

प्रत्यक्षात काय घडले

हे सगळे कागदावरचे नाही. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीचा इतिहास पाहिला, तर या पायऱ्या एकामागून एक दिसतात. १९९६ च्या २.० या आवृत्तीत लिनक्स एकाहून अधिक प्रोसेसरांवर चालू लागली, तेव्हा तिच्या गाभ्याला एकच मोठे कुलूप होते. ते तुकड्यातुकड्याने काढता काढता २०११ साल उजाडले, २.६.३९ या आवृत्तीत ते पूर्ण गेले. एक कुलूप घालणे हे एका दिवसाचे काम असते. पण ते नेमके कशाकशाचे रक्षण करत होते हे शोधून काढायला पंधरा वर्षे लागली.

ग्राफिक्सच्या बाबतीतही तसेच झाले. २००८ च्या अखेरीस इंटेलच्या ड्रायव्हरसाठी मेमरीची जी नवी व्यवस्था लिनक्समध्ये आली, तिच्यात सबंध कार्डाला मिळून एकच मोठे कुलूप होते. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या एका व्यवस्थेत मेमरीचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे राखून ठेवता येऊ लागला. तुकडे वेगळे झाले, तसा तिढ्याचा प्रश्न आला. २०१३ मध्ये, ३.११ या आवृत्तीत, मार्टन लँकहॉर्स्ट यांनी वर सांगितलेली चिठ्ठीची युक्ती कुलपांच्या एका नव्या प्रकाराच्या रूपाने लिनक्सच्या गाभ्यात आणली. ग्राफिक्सचे अनेक ड्रायव्हर आज तिच्यावरच चालतात.

गोष्ट इथे संपली असती, तर 'कुलूप जितके लहान तितके चांगले' असा निष्कर्ष काढता आला असता. पण पुढे वेगळेच दिसले. आजचा एखादा मोठा कार्यक्रम मेमरीचे हजारो तुकडे वापरतो. प्रत्येक वेळी कार्डाकडे काम पाठवताना ती हजारो कुलपे एकेक करून लावायची आणि काढायची, यातच वेळ जाऊ लागला. रांग नाही, पण किल्ल्यांचा जुडगा सांभाळण्यातच दिवस सरतो अशी स्थिती. म्हणून २०२३ च्या सुमारास लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांसाठी जो नवा सामाईक भाग तयार झाला, त्यात हा जुडगा कमी करण्याची सोय आहे. जे तुकडे एकाच कार्यक्रमाचे खासगी आहेत, ज्यांना दुसरे कोणी हातच लावत नाही, त्या सगळ्यांना मिळून एक कुलूप. जे तुकडे दोन कार्यक्रमांत वाटून घेतलेले आहेत, त्यांनाच वेगळे कुलूप. म्हणजे सर्वांना मिळून एक कुलूप नको आणि प्रत्येकाला एक कुलूपही नको. ज्या वस्तू नेहमी एकत्र वापरल्या जातात त्यांना एक, आणि ज्या वेगवेगळ्या लोकांच्या हातात जातात त्यांना वेगळे.

रांग टाळण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो आपल्या पुण्याचा म्हणून सांगतो. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाची मेमरी स्वतःची, वेगळी होती. दुसऱ्याकडची माहिती हवी असेल, तर निरोप पाठवून मागवायची. सामाईक वहीच नाही, तर तिच्या कुलपाचा प्रश्नच येत नाही. पण निरोपांची ये-जा वाढते आणि कामाची वाटणी आधीच नीट करून ठेवावी लागते. ग्राफिक्स कार्डाचे काम पडते उलटे : कार्ड एक आणि मागणारे अनेक. तिथे वही सामाईकच राहणार.

आमच्या नकाशाचे काय झाले?

दोष शोधताना निम्मा आमचाच निघाला. आमचा कार्यक्रम प्रत्येक टप्प्याला नवी मेमरी मागत होता आणि टप्पा संपला की परत करत होता. आठ जण, हजारो टप्पे, आणि दर वेळी काउंटरवर फेरी. आम्ही मेमरी सुरुवातीलाच एकदा मागून घेतली आणि शेवटपर्यंत तीच वापरली. वर सांगितलेला हाताशी साठा ठेवण्याचा उपाय तो हाच. रांग बरीचशी तिथेच विरली. पुढे ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीत पुसापुशीचे कामही कुलपाबाहेर गेले. कार्ड तेच राहिले. अर्ज मी फाडून टाकला. आकडे मात्र आम्ही आता दर वेळी एका प्रोसेसरने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. वेग वाढला, की हे ताडून पाहणे जास्त गरजेचे होते.

वर्गात करून पाहा

हा विषय शिकवायला संगणक लागत नाही. चार मुले कारकून करा. एक वही, एकच पेन आणि चाळीस चिठ्ठ्या घ्या. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांचे कपाट हवे. प्रत्येक चिठ्ठीवर एका पुस्तकाचे नाव लिहा. पेन हातात असेल त्यानेच वहीत लिहायचे. एका मुलाला घड्याळ द्या.

पहिल्या फेरीत नियम असा : पेन हातात ठेवूनच कपाटाकडे जायचे, पुस्तक आणायचे, नोंद करायची आणि मगच पेन सोडायचे. दुसऱ्या फेरीत : 'आणतो आहे' अशी नोंद करून पेन खाली ठेवायचे आणि मग कपाटाकडे जायचे. दोन्ही फेऱ्यांच्या वेळा फळ्यावर लिहा. मुलांना पळायला मनाई करा. म्हणजे फरक वेगामुळे पडला नाही, हे त्यांच्या लक्षात येईल.

तिसऱ्या फेरीत विषयवार चार वह्या आणि चार पेने ठेवा, आणि काही चिठ्ठ्यांवर दोन विषयांची पुस्तके लिहा. दोन्ही पेने मिळाल्याशिवाय नोंद करायची नाही. थोड्याच वेळात कोणीतरी दोघे एकमेकांचे पेन मिळण्याची वाट पाहत उभे राहण्याचा बराच संभव आहे. तेव्हा लगेच उपाय सांगू नका. मुलांनाच नियम सुचवू द्या. कोणी म्हणेल आधी गणित मग विज्ञान, कोणी म्हणेल लहान्याने सोडावे. दोन्ही नियम करून पाहा. मागे झालेल्या मुलाला दर वेळी नवी चिठ्ठी दिली तर काय होते, तेही पाहा. तो मुलगा स्वतःच तक्रार करेल, आणि जुनी चिठ्ठी का राखायची हे वर्गाला त्याच्या तोंडून कळेल.

शेवटी एक प्रश्न फळ्यावर लिहा : हे पेन नेमके कशाचे रक्षण करते? पहिल्या फेरीत ते वहीबरोबर कपाटाकडच्या वाटेचेही रक्षण करत होते, आणि त्याची काही गरज नव्हती. हे उत्तर मुलांकडून आले, की धडा झाला. आमच्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला.